सुपारी फुटेपर्यंत उठायचं नाही

"तीन घंटे? अगं, मेंढरामागं फिरताना दिवस दिवस बूड टेकवलं न्हाई मी! इथं तर नुसतं बसायचं हाय. त्यात काय एवढं!"

लिंबाजीनं नातीला असा शब्द दिला आणि मिशीवरून हात फिरवला. ती वळल्याबरोबर मात्र तो घाईनं परसाकडे निघाला.

गोष्ट अशी होती. सीमाला बघायला जवळच्या गोरेगावचे पाहुणे रविवारी पुसेगावात येणार होते. बघायचं आपलं नावापुरतं. सीमा आणि तो हनुमान सहा महिन्यांपासून फोनवर बोलत होते, हे गोठ्यातल्या शेळ्यांनाही माहीत होतं! त्या दिवशी बोलणी होऊन सुपारी फुटायची होती. आणि त्यांच्या भावकीत एक जुनी रीत होती. पोरीकडचा जाणता माणूस एकदा बैठकीत बसला, की सुपारी फुटेपर्यंत त्यानं उठायचं नाही. उठला, तर म्हाताऱ्याला काहीतरी खोट दिसली, हे पाहुण्यांनी समजून घ्यायचं. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं उठायचं. लिंबाजीच्या चुलत्यानं मागं असं एकदा उठून ठरत आलेली सोयरीक मोडली होती.

आता ज्या माणसाला दर पाव घंट्याला उठावं लागतं, त्यानं काय करावं?

तीन वर्षांपासून लिंबाजीची लघवी त्याचं ऐकत नव्हती. घाई तर अशी, की धोतर सावरत पळावं. आणि जाऊन उभं राहिलं, की नुसतं उभंच! थेंब थेंब, थांबून थांबून, आणि परत येऊन बाजेवर टेकला की पुन्हा बोलावणं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त त्याच्या बायकोला, कौशल्याबाईला, ते न सांगता कळलं. तो परसातल्या भिंतीआड उभा राहिला, की ती भिंतीच्या अलीकडे बादली घेऊन बसायची आणि तांब्यानं पाण्याची बारीक धार सोडायची. लेकराला शू करायला धरल्यावर करतात, तशी. ती धार ऐकली की पलीकडे लिंबाजीचं काम सुरू व्हायचं. मग तो हाक द्यायचा, "बास कर कौशे, झालं!" ती तांब्या ठेवून भाकरी थापायला जायची. त्यावर दोघं कधी एक शब्द बोलले नाहीत.

आठ महिन्यांखाली कौशल्याबाई गेली. लोक म्हणाले, म्हातारा धीराचा, डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. लोकांना काय ठाऊक! लिंबाजी परसात भिंतीला कपाळ टेकून अर्धा अर्धा घंटा उभा असायचा आणि अलीकडे काहीच वाजायचं नाही. तिथं तो रडायचा. डोळ्यांचं पाणी मात्र बिनतक्रार वाहायचं.

जाताना तिनं त्याचा हात धरून एवढंच म्हटलं होतं, "सीमीचं त्याच पोराशी करा." तेव्हा उठायचं नाही म्हणजे नाही!

लिंबाजीनं बेत आखला. शनिवारी दुपारपासून पाणी बंद. त्यात सर्दी झाली. बैठकीत शिंका नकोत म्हणून त्यानं दुकानातून सर्दीच्या दोन गोळ्या आणल्या आणि दोन्ही एकदम गिळल्या. आता आपल्याला कुणी हलवू शकत नाही, अशी त्याची खात्री झाली.

रविवारी पाहुणे आले. हनुमानचा आजा किसनराव, आई गोजरबाई, चार जाणते, आणि जीप चालवत खुद्द हनुमान. सतरंजी अंथरली, चहा आला. किसनराव म्हणाले, "लिंबाजी, तुमी घेतल्याबिगर आमी कप उचलणार न्हाई!" झालं! बेताला पहिलं भोक तिथंच पडलं. मग पोह्यांबरोबर दुसरा कप, आणि गोजरबाईंच्या आग्रहाचा तिसरा.

बोलणी सुरू झाली आणि लिंबाजीच्या पोटात कळ आली. त्यानं मांडी बदलली. डोळे मिटले. मनात शेळ्या मोजल्या. सतराव्या शेळीला तो उठला.

लिंबाजीचा मुलगा शिवप्रसाद, म्हणजे सीमाचा बाप, तोंड उघडं टाकून बघत राहिला. पाहुण्यांकडे कुजबुज सुटली.

"म्हातारा उठला की!"

"त्याला काहीतरी कळलं असंल."

गोजरबाईंचा चेहरा उतरला. त्या सासऱ्यांना हळूच म्हणाल्या, "मामंजी, जीपचं सांगून टाका. मागून कळण्यापरीस बरं."

लिंबाजी परसातून होता तसाच परत आला, तर किसनराव हात जोडून बसलेले. "माफ करा. जीप हनुमानची एकट्याची न्हाई. चुलतभावाची आर्धी हाय."

लिंबाजीनं नुसती मान हलवली. त्याला जीपचं काय! त्याच्या पोटाचा नगारा झाला होता. पाच मिनिटांत तो पुन्हा उठला.

"अजून हाय म्हणतो वाटतं!" एक जाणता पुटपुटला.

या खेपेला तो परतला तेव्हा गोजरबाई पदरानं डोळे पुसत होत्या. "पोराचं वय सव्वीस सांगितलं, ते एकोणतीस हाय. समोरचे दोन दात बी बसवलेले हायत. म्हशीवरून पडला होता लहानपणी."

शिवप्रसादच्या कपाळाची शीर उडायला लागली. "अजून काय काय लपवून राहिले तुमी?"

लिंबाजीला ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे, मला काही कळलेलं नाही! पण उठतो काहून, हे मग सांगावं लागलं असतं. सोयऱ्यांसमोर, सुनेसमोर, लग्नाच्या नातीसमोर! तो घामानं भिजून तिसऱ्यांदा उठला. ते बघून खुद्द नवरदेवाचा धीर सुटला. हनुमाननं खिशातून तंबाखूची पुडी काढून सतरंजीवर ठेवली आणि म्हणाला, "आबांना सांगा, आजपासून बंद!"

"बस्स!" शिवप्रसाद गरजला. "तीन डाव उठले आबा. तीन डाव! असल्या घरात पोरगी द्यायची न्हाई मला!"

आत सीमाच्या हातातलं ताट खाली पडलं. तो आवाज परसात भिंतीला धरून उभ्या लिंबाजीला स्पष्ट ऐकू आला. त्याला कळून चुकलं, की आपण उठून उठून पोरीचं लग्न मोडलं. कौशीचा शेवटचा शब्द मोडला. त्याला हलता येईना, आणि ज्यासाठी आला होता तेही होईना.

मागून पावलं वाजली. किसनराव होते.

"लिंबाजी, मी पाया पडतो तुमच्या. अजून काय राहिलं, तुमीच सांगा. मी कबूल करतो."

लिंबाजी भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "किसनराव, मला काय बी ठाऊक न्हाई. मला लगवी होऊन न्हाई राहिली."

किसनराव जवळ सरकले. मग त्यांनी विचारलं, "कवापासून?"

"आज सकाळपासून थेंब न्हाई. तशी तकलीफ तीन वर्सांची."

"मला पाच वर्सं झाली. मी गोळी खातो. घरात सांगतो, बीपीची हाय म्हणून."

दोन म्हातारे भिंतीपाशी उभे राहिले. लिंबाजी म्हणाला, "त्या बादलीत पाणी हाय बघा. तांब्यानं जरा धार सोडता का? बारीक सोडा."

किसनरावांनी काहून म्हणून विचारलं नाही. धोतर खोचून ते बादलीपाशी बसले आणि धार सोडायला लागले. आवाज अगदी तसाच होता. लिंबाजीला आठ महिन्यांत पहिल्यांदा तो आवाज आला आणि तो लेकरासारखा हमसून रडला. पण खाली काही उतरलं नाही. एक तांब्या, दोन तांबे, पाच तांबे. पोट धरून तो खाली बसला तसा किसनरावांनी तांब्या टाकला आणि घराकडे तोंड करून ते ओरडले, "हनुमान! जीप काढ! आत्ताच्या आत्ता!"

झालं! पाहुणे रागानं निघाले, असा घरात सगळ्यांचा समज झाला. सीमानं हंबरडा फोडला. शिवप्रसाद म्हणाला, "जाऊ द्या त्यांना!" आणि तेवढ्यात किसनरावांच्या खांद्यावर हात टाकून, वाकलेला लिंबाजी दारात आला.

हिंगोलीच्या दवाखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यात खड्डे किती, हे ज्याचं पोट फुटायला आलंय त्यालाच विचारावं. पण हनुमाननं एकेक खड्डा असा चुकवला, जशी मागं अंड्यांची टोपली ठेवलीय. जीप अर्धी असो की पाव, पोरगं लाखातलं आहे, हे लिंबाजीचं वाटेतच ठरलं.

दवाखान्यात नळी घातली. पिशवी भरत गेली तसा लिंबाजीच्या जिवात जीव आला. डॉक्टर म्हणाले, "बाबा, प्रोस्टेटची गाठ वाढली आहे. वयानं वाढतेच. पाटात ढेकूळ पडावं तशी ती वाट अडवते. त्यात ह्या सर्दीच्या गोळ्यांनी उरलीसुरली वाट बंद केली! तीन वर्षांपूर्वी आला असता, तर साध्या औषधावर भागलं असतं. घरात कुणाला सांगितलं नाही?"

शिवप्रसाद पायथ्याशी उभा होता. त्यानं विचारलं, "आबा, मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुला काय सांगू, बाबा? तुझ्या मायला बी मी न्हाई सांगितलं. तिला ऐकू आलं."

शिवप्रसादनं बापाचे पाय धरले. आठ महिने तो त्याच भिंतीजवळून रोज शेळ्या सोडायला जात होता, आणि त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग किसनराव बोलले. "शिवप्रसाद, आमची जेवढी खोट होती तेवढी सांगून झाली. म्हाताऱ्याच्या तकलीफीनं आमच्याकडून सगळं खरं वदवलं. आता बोला."

शिवप्रसादनं बापाकडे बघितलं. लिंबाजी म्हणाला, "तुझ्या मायनं त्याच पोराशी म्हणून सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यातल्या खाटेभोवती बैठक बसली. सीमा दाराशी, हनुमान खिडकीशी, त्याच्या खिशात पुडी नव्हती. किसनरावांनी सुपारी अडकित्त्यात धरली. आणि या बैठकीत लिंबाजी एकदाही उठला नाही! उठणार कसा? नळी खाटेला बांधलेली होती.

सुपारी कट्‌कन फुटली. तेवढ्यात सिस्टर आली आणि तिनं खाटेखाली बादली सरकवून पिशवी रिकामी करायला घेतली. बारीक धार बादलीत पडायला लागली. लिंबाजीनं डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर कधी नव्हे इतकं सुख उमटलं आणि सगळ्या सोयऱ्यांसमोर तो सवयीनं म्हणाला, "बास कर कौशे, झालं!"

सीमानं तोंडात पदर धरला. शिवप्रसाद भिंतीकडे वळला.

सिस्टरला बिचारीला काय माहीत! ती खालूनच म्हणाली, "बाबा, कुठं झालं? अजून आर्धी पिशवी बाकी हाय."