भज्याचा कौल

भज्या खाजवायला बसला की त्याचा मागचा पाय फरशीवर असा काही आपटायचा, की पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरच्या कमळाबाई वर येऊन म्हणाल्या, "आहेरभाऊ, मसाला कांडताय का? असेल तर मलाही अर्धा किलो द्या."

वाल्मीकरावांनी त्यांना आपला कुत्रा, भज्या, दाखवला. कानामागची कातडी लाल झालेली, पोटावरचे केस झडलेले, आणि चेहऱ्यावर आठ दिवस जागरण झालेल्या माणसाचा भाव.

"अगं बाई! याला हळद लावा. खोबरेल तेलात कालवून. माझ्या दिराच्या हाताला गजकर्ण झालं होतं, चमचाभर हळदीत गेलं."

वाल्मीकराव आहेर म्हणजे आयटीआयमध्ये तीस वर्षं टर्नरच्या पोरांना शिकवून निवृत्त झालेला माणूस. मोजल्याशिवाय त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. त्यांनी आधी कमळाबाईंच्या दिराचं गजकर्ण केवढं होतं ते विचारून घेतलं. मग टेप काढला. भज्याचं धड एक दंडगोल धरलं, पायांचे चार छोटे दंडगोल वेगळे काढले, शेपटीला शंकू लावला. उत्तर आलं सातशे चाळीस ग्रॅम.

"अहो, एवढ्या हळदीत दोन लग्नं लागतात," त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाई म्हणाल्या.

"गणित आहे ते, अंदाज नाही."

तासाभरात भज्या नाकापासून शेपटीपर्यंत पिवळाधमक झाला. सोफ्याला लागेल म्हणून चंद्रभागाबाईंनी त्याला घरात राहू दिलं नाही, तेव्हा वाळेपर्यंत त्याला पार्किंगमध्ये स्कूटरला बांधलं. पण तेलाने मान अशी बुळबुळीत झाली होती, की त्याने एक हिसका दिला आणि पट्टा जागेवरच राहिला.

दिवस होता चंपाषष्ठीचा. नाशिक रोडच्या त्या कॉलनीच्या कोपऱ्यावर खंडोबाचं छोटंसं देऊळ आहे. तिथे आरती संपत आली होती, भंडारा उधळला जात होता, आणि गर्दीतून वाट काढत एक पिवळाजर्द कुत्रा थेट देवासमोर येऊन बसला.

टाळ थांबले.

"देवाचं कुत्रं आलं!" अंबूबाई ओरडली. ती येवल्याकडची म्हातारी, लेकाकडे राहायला आलेली. ती पदर पसरून भज्यासमोर बसलीसुद्धा. "देवा, माझ्या मयूरला चौतीस पोरींनी नाय म्हनलं. औंदा तरी जमंल का रं?"

भज्याने तिच्याकडे पाहिलं, उजवा मागचा पाय उचलला आणि जीव खाऊन कान खाजवला.

तेवढ्यात मयूरचा फोन वाजला. मुलीकडचे होते. त्यांना स्थळ पसंत होतं.

वाल्मीकराव हातात रिकामा पट्टा घेऊन धापा टाकत पोचले, तेव्हा भज्याच्या गळ्यात झेंडूचे तीन हार होते.

"अहो, त्याला खाज सुटलीय!"

"आहेर," सोसायटीचे सेक्रेटरी दिनेश वाघ हळूच म्हणाले, "देवाच्या दारात असं बोलू नये."

"हळद मी लावलीय हो. सातशे चाळीस ग्रॅम!"

"बघा," दिनेश वाघ मागे वळून लोकांना म्हणाले, "सेवा कोणाकडून करून घ्यायची, तेही ठरलेलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला जिना चढता आला नाही, एवढी रांग. नियम आपोआप तयार झाले. उजव्या पायाने खाजवलं तर होय, डाव्याने खाजवलं तर नाही, आणि पाठ भिंतीला घासली तर विचार चालू आहे. कोणी दुकानाची जागा विचारत होतं, कोणी परदेशातल्या लेकाचं. स्वतः दिनेश वाघ तीन वर्षं रखडलेला पार्किंगचा वाद घेऊन आले. भज्याने डाव्या पायाने खाजवलं आणि बी विंगच्या चार गाड्या मुकाट्याने रस्त्यावर गेल्या. सर्वसाधारण सभेत जे कधी जमलं नव्हतं, ते चौदा सेकंदांत जमलं. चंद्रभागाबाईंनी पैठणी काढली आणि त्या दारात उभ्या राहून एकेकाला आत सोडू लागल्या.

"अगं, त्याला डॉक्टरकडे न्यायला हवं," वाल्मीकराव म्हणाले.

रांगेतली सगळी डोकी एकदम त्यांच्याकडे वळली.

"औषध देणार?" कमळाबाई म्हणाल्या. "आणि खाज थांबली म्हणजे?"

"बरा होईल तो!"

"आणि आम्ही? माझा नंबर एकसष्टावा आहे."

त्या दुपारपासून जिन्याच्या खाली दोन माणसं खुर्च्या टाकून बसली. भक्त नमस्कार करून जाताना भज्यावर चिमूटभर भंडारा टाकत होते. त्यामुळे कातडी अजून कोरडी पडत होती आणि कौल अजून जोरात मिळत होते. तिसऱ्या दिवशी भज्या वाल्मीकरावांजवळ आला. त्याने त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली आणि खाजवता खाजवता बारीक कुंई केलं. कानामागे आता रक्त दिसत होतं. हा काही दंडगोल नव्हता.

वाल्मीकरावांनी कपाटातून चंद्रभागाबाईंची शाल काढली. बाईंनी आधी शालीकडे पाहिलं, मग भज्याच्या कानाकडे. मग दारात जाऊन त्यांनी मोठ्याने जाहीर केलं, "देवाची विश्रांतीची वेळ झाली! तासाभराने या!" आणि जिन्याखालच्या दोघांना वर चहाला बोलावून घेतलं.

वाल्मीकराव शालीत गुंडाळलेला भज्या छातीशी धरून रिक्षात बसले.

"आजींना कुठं न्यायचं?" रिक्षावाल्याने विचारलं.

"डॉक्टरकडे."

"लय बारीक झाल्यात हो." शाल थडथडू लागली. "आणि थंडी पण भरलीये वाटतं. काढतो फास्ट."

जनावरांच्या डॉक्टर मोहिनी निकम यांनी शाल उघडली आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"ही हळद कोणी लावली?"

"मी."

"किती?"

"पाऊण किलोला थोडी कमी."

"लोणचं घालायचं होतं का?" त्यांनी भिंग लावून भज्याचे केस उलटसुलट केले. "पिसवांची ॲलर्जी आहे काका. काही कुत्र्यांना एक पिसू चावली तरी पुरते. इंजेक्शन देते, म्हणजे तासाभरात खाज कमी होईल. पिसवांची गोळी आजच द्या. घर झाडून काढा, अंथरुणं गरम पाण्यात धुवा. आणि हळद, भंडारा, काहीही लावायचं नाही. त्या कौलाचं सगळं ऐकलंय मी. आधी बाहेरून त्याचं कार्ड बनवून आणा."

वाल्मीकराव कार्ड घेऊन परतले तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टर भज्यासमोर उकिडव्या बसल्या होत्या. एका हातात भरलेली सिरिंज होती.

"ऐक ना," त्या दबक्या आवाजात म्हणत होत्या, "हे टोचलं की तुझं बंद होणार. सिन्नर फाट्याला दुसरा दवाखाना काढू का?"

भज्याने खाजवलं. डॉक्टर गोंधळल्या. "हा माझा डावा, म्हणजे..."

"कुत्र्याचा उजवा धरतात," वाल्मीकराव दारातून म्हणाले. "होय आलंय."

स्वतःचं बोलणं ऐकून ते स्वतःच दचकले. डॉक्टर लालबुंद झाल्या, पण इंजेक्शन मात्र फार हळुवारपणे दिलं.

परतताना त्याच रिक्षात शाल अगदी निश्चल पडली होती. रिक्षावाल्याने दोनदा आरशातून मागे पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

सोसायटीच्या गेटवर सगळी कॉलनी उभी होती. चहा पिऊन खाली आलेल्या त्या दोघांनी बोंब मारली होती. वाल्मीकरावांनी भज्याला पार्किंगमधल्या बाकावर आपल्या मांडीत घेतलं. आता आपलं काही खरं नाही, असं त्यांना वाटलं. दिनेश वाघ पुढे आले.

"देवा, लिफ्ट आधी करू की रंगकाम?"

भज्याने डोळे मिटले होते. पाय हलला नाही. पुन्हा विचारलं, तरी हलला नाही. लोक वाल्मीकरावांकडे बघू लागले. ते बघणं काही बरं नव्हतं.

तेवढ्यात भज्या घोरला.

अंबूबाई वाकली, तिने कान लावून ऐकलं आणि तोंडावर बोट ठेवलं. "गप ऱ्हावा. देव निजला हे. लय दिसांनी निजला हे."

लोकांनी चपला हातात घेतल्या. एकेक जण चवड्यांवर चालत निघून गेला. दिनेश वाघांनी स्कूटर सुरू न करता गेटबाहेर ढकलत नेली. कॉलनीत अशी शांतता पसरली, की रेल्वे स्टेशनवरची घोषणा इथपर्यंत ऐकू येऊ लागली.

वाल्मीकराव हलले नाहीत. मांडीवर अठरा किलोंचं ऊबदार ओझं होतं आणि ते पहिल्यांदाच पोटभर झोपलं होतं. त्यांना फार बरं वाटलं. मग हळूहळू त्यांच्या उजव्या कानामागे काहीतरी चावू लागलं. आधी थोडं, मग चांगलंच.

त्यांनी हात वर नेला. अर्ध्यावरच तो थांबला. समोर जिन्याच्या पहिल्या पायरीवर कमळाबाई अजून उभ्या होत्या. हातात एकसष्ट नंबरची चिठ्ठी होती, आणि श्वास रोखून त्या वाल्मीकरावांच्या हाताकडेच बघत होत्या.

वाल्मीकरावांनी हात सावकाश खाली घेतला आणि दात घट्ट आवळून आकाशाकडे पाहू लागले.