हिलालआप्पांची ओळख पायांशी

विक्षिप्त म्हातारा म्हटलं की धोतर, तंबाखू आणि शेवटी थोडं शहाणपण मिळणार, अशा तयारीने तुम्ही बसला असाल. उठा. आमचे हिलालआप्पा जीन्स घालतात, विसरवाडीला हायवेवर रसवंती चालवतात, आणि त्यांना माणसाचं तोंड ओळखू येत नाही. डोळे ठणठणीत. लांबच्या ट्रकचा नंबर वाचतील. आवाज ओळखतात, पण चरकाच्या खडखडाटात कोणाचा आवाज ऐकू येणार? मी शेजारी राहतो, रोज समोर जातो, आणि रोज तेच. "कोन शे रे? चाली दखाड."

मग मी भर चौकात दहा पावलं चालायचं. तेव्हा कुठे, "हां, तू शे का."

एकदा वैतागून त्यांच्या कानात ओरडलो, "आप्पा, तोंड बघा ना!"

"तोंडवर काय शे? दोन डोया, एक नाक. समदास्लेच ऱ्हास."

माझ्या गुडघ्याला प्लास्टर होतं तो महिनाभर मी त्यांच्यासाठी गिऱ्हाईक. त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, एकदा उंच टाचेची चप्पल घातली, तर त्यांनाच म्हणाले, "बठा ताई, बरफ टाकू का?" ती चप्पल काकूंनी परत पायात घातली नाही.

आता मी पडलो नकल्या. कंडक्टर, मास्तर, सगळ्यांच्या चाली मला येतात. म्हटलं, एकदा वचपा काढूच. आप्पांचा मुलगा प्रमोद सुरतला मिलमध्ये. दोन वर्षं घरी आलेला नाही. डावा पाय ओढत, वाटेतला प्रत्येक खडा उडवत चालायचा. परवा सुरतची बस थांबली तसा मी एका उभ्या ट्रकच्या पलीकडून तसाच निघालो. ट्रकखालून आप्पांना नुसते पाय दिसत होते.

आप्पा उठले. चरक सुरू केला, ऊस घातला, आलं-लिंबू घातलं. ट्रक संपला आणि मी तोंडासकट समोर उभा राहिलो. काही फरक पडला नाही. त्यांनी ग्लास पुढे केला.

"बरफ नही टाका. तुन्हा घसा धरस."

मी प्यालो. चरक बंद झाला. आता बोलावंच लागलं. "आप्पा, मी शे."

आप्पांनी ग्लास घेतला, धुतला, पालथा ठेवला.

"चाल बराबर व्हती," एवढंच म्हणाले.

रागावल्या त्या काकू. संध्याकाळी आमच्या दारात उभ्या. "मुडदा, दोन वरीस व्हयनात. आत्ते कुठे त्यास्नी बसकडे देखनं सोडेल व्हतं. जाय, देखी ये. परत रोडकडे खुर्ची करी बठेल शेतस."