कुरडईचं प्रतिविष

यंदा ज्वालामुखी नाही, असं सोनाळ्याच्या पंजाबराव गुरुजींनी शाळेत येऊन ठणकावून सांगितलं. निवृत्त झाले तरी पोरांचं विज्ञान त्यांच्याकडेच होतं, आणि तालुक्याच्या प्रदर्शनात दरवर्षी फुटणारे सोड्याचे ज्वालामुखी पाहून ते विटले होते. यंदा सातवीतली छाया जिवाणूंचं प्रतिविष दाखवणार होती, आणि थेट जिल्ह्याला जाणार होती!

गुरुजींनी पोरांना सावकाश समजावलं. जिवाणू आपल्याच पोटात विष बनवतो आणि त्याला आवरणारं प्रतिविषही. हे प्रतिविष दोघादोघांच्या जोडीनं येतं. त्याचं डोकं घट्ट गुंडाळलेलं असतं, शेपूट मात्र लुळं. विषाला मिठी मारली की मगच त्या शेपटाला आकार येतो.

"हे तं कुरडईसारखं झालं, गुरुजी," छाया म्हणाली. गुरुजींना तिथंच मॉडेल दिसलं.

भर हिवाळ्यात कुरडया कोण करते, म्हणून त्यांच्या पत्नी रुखमाबाई आधी भांडल्या, मग सोऱ्या घेऊन बसल्या. लांब शेपटांच्या दोन कुरडया ओल्या असतानाच लाल भोवऱ्याला गुंडाळल्या. भोवरा म्हणजे विष. तो त्या शेपटांच्याच आधारानं अधांतरी लटकलेला, खाली बटण. विष सुटलं की बटण दाबलं जाणार, दिवा विझणार, म्हणजे जिवाणू झोपला.

प्रदर्शनात परीक्षक साहेब आले तेव्हा कुरडया अर्धवट वाळल्या होत्या. अर्धवट वाळलेली कुरडई समोर दिसली की आपल्याकडे भल्याभल्यांचा हात ताब्यात राहत नाही. छाया माहिती सांगत होती, साहेब मान डोलवत होते, आणि बोटं आपली तोडून तोंडात टाकत होती. एक शेपूट गेलं. मग दुसरं.

भोवरा बटणावर आदळला. दिवा तर विझलाच, पण तारेला तार भिडून अख्ख्या सभागृहाचा फ्यूज उडाला! शेजारचा पंप बंद पडला, पलीकडचा रोबो अर्ध्या सलामात अडकला.

उजेड आल्यावर साहेबांनी ओठ पुसले आणि मॉडेल अपूर्ण आहे म्हणाले. यात प्रतिविष कुठे आहे, असंही विचारलं. छायाचे डोळे भरून आले.

"तुमच्या पोटात हाय, साहेब," गुरुजी म्हणाले.

मग तिसरीच्या पोराला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. विष टिकाऊ असतं, प्रतिविष नाजूक. पेशीतलीच काही प्रथिनं त्याला सारखी कुरतडत असतात, म्हणून ते सारखं बनवत राहावं लागतं. बनवणं थांबलं की विष मोकळं. "मॉडेल बिघडलं नाही. तुम्ही त्यात त्या कुरतडणाऱ्या प्रथिनांचं काम केलं."

साहेबांनी बरोबरच्या लोकांचं हसू पाहिलं, घसा खाकरला, आणि जिल्ह्याला पाठवायची तयारी दाखवली. पण कुरडई प्लास्टिकची करा म्हणाले.

"प्लास्टिक कोणी खाईल काय? मंग विज्ञान कुठं राह्यलं?" गुरुजी जागचे हलले नाहीत. पाठवायचं तर कुरडईसकट, नाही तर आम्ही चाललो सोनाळ्याले, असं त्यांनी बजावलं. छायानं तर भोवरा पिशवीत टाकलासुद्धा.

शेवटी साहेबांनी जिल्ह्यासाठी छायाचं नाव लिहिलं आणि शेऱ्यात बारीक अक्षरांत भर घातली: परीक्षकांनी जेवून यावे.