बुधरी घोडीचा तंटा

जहीरच्या सायबर कॅफेच्या दारावर सोमवारी सकाळी एक कागद चिकटला. 'ब्लॅक फोर्ट हा खेळ नव्याने सुरू. जुन्या खेळाडूंनी रविवारी संध्याकाळी पाचच्या आत नव्या आवृत्तीत यावे. हरवलेली एक वस्तू परत मिळेल.' चंद्रपूरजवळच्या घुग्घुसमध्ये दारावर चिकटणारा कागद सहसा श्रद्धांजलीचाच असतो. त्यामुळे रात्रपाळी करून आलेला सोमाजी गौरकार आधी डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला आणि मग वाचू लागला.

सोमाजी चोपन्न वर्षांचा, कोळशाच्या खाणीत शॉवेल हे कोळसा उपसायचं मोठं मशीन चालवणारा, कमी बोलणारा माणूस. त्याने कागद दोनदा वाचला, आत जाऊन खुर्ची ओढली आणि जहीरला एकच प्रश्न विचारला.

"हरवलेली वस्तू म्हंजे जनावर बी चालते काय?"

"चालते ना भाऊ. तलवार, ढाल, जनावर, काई बी. पन एकच."

"मंग बुधरी येईन."

कीबोर्डवरची धूळ पुसणारा जहीरचा हात थांबला. दीड वर्षात त्या कॅफेत बुधरीचं नाव कोणी काढलं नव्हतं.

ब्लॅक फोर्ट हा इंटरनेटवरचा खेळ. जगभरचे हजारो लोक तो एकाच वेळी खेळत. प्रत्येकाने आपापला योद्धा घ्यायचा आणि किल्ला राखायचा. सोमाजीचा योद्धा मात्र अर्धाच सोमाजीचा होता, उरलेला अर्धा मुन्नाचा. मुन्ना शेख शॉवेलवर सोमाजीच्याच हाताखाली शिकला, आणि पुरता शिकला तसा साहेबांनी त्याला पहिल्या पाळीत टाकलं. सोमाजीची रात्रपाळी सकाळी सहाला सुटे, मुन्नाची तेव्हाच लागे. गुरुशिष्यांची भेट काय ती गेटवर, दहा मिनिटं. म्हणून मुन्नाने ही युक्ती काढली. दोघांत एक योद्धा घ्यायचा आणि तो खाणीतल्या मशीनसारखा पाळीपाळीने चालवायचा. सकाळी सोमाजी, संध्याकाळी मुन्ना, आणि मध्ये जहीरच्या टेबलावरच्या वहीत चार्ज द्यायचा, म्हणजे काय झालं ते लिहून काम पुढच्याच्या हवाली करायचं. 'दोन लांडगे मारले. कुऱ्हाड बोथट आहे. दरवाजा लावून घेतला.' खाली सही.

बुधरी ही या योद्ध्याची घोडी. बुधवारी मिळाली म्हणून बुधरी. सोमाजीने तिला शिंगरू असल्यापासून आठ महिने वाढवलं. घरी आंघोळ उरकली की जेवायच्या आधी तो कॅफेत येऊन तिला चारा टाकी. "घरच्या बकरीले कदी पाला टाकला नाई ह्यायनं," असं त्याची बायको मनकर्णा साऱ्या आळीत सांगे, आणि ते खरं होतं.

मग एक दिवस सकाळी पाहतो तर घोडी नाही. वहीत आदल्या संध्याकाळची मुन्नाची सही, आणि सहीच्या वर दोन शब्द: 'सर्व ठीक.'

आता, पाळी संपली की वहीत 'सर्व ठीक' लिहायचं ही खाणीतली रीतच आहे. पट्टा तुटो नाहीतर टायर फुटो, हात आपोआप तेच लिहितो. सोमाजीनेही आयुष्यभर तेच लिहिलं होतं. पण ते मशीनबद्दल. घोडी गेलेली असताना मुन्नाने तेच लिहावं, हे त्याच्या जिव्हारी लागलं. त्याने मुन्नाशी बोलणं सोडलं. गेटवर समोरून मुन्ना आला की तो आकाशाकडे पाही, आणि घुग्घुसच्या आकाशात सिमेंटच्या धुळीशिवाय पाहण्यासारखं काहीच नसतं. पुढे तीन महिन्यांत खेळाच्या कंपनीने तो खेळही बंद केला. अबोला तेवढा चालू राहिला.

"भाऊ, बाकी सारं जमते," जहीर स्क्रीनवर वाचत म्हणाला. "पन नव्यात जाले दोन गुपित प्रश्नायचे उत्तरं लागते. पयला, जन्मगाव. तो तुमी भरला होता."

"गोंडपिपरी."

"दुसरा, आईचं नाव. तो मुन्नानं भरला होता. त्याच्या मायले त सारं घुग्घुस अम्माच म्हणे. खरं नाव त्यालेच मालूम."

इथे घोडं पेंड खायला लागलं. जहीरने समजावून पाहिलं.

"पुसा ना त्याले. एका शब्दाचं काम आहे."

"मी नाई बोलत त्याच्याशी."

"मी पुसू?"

"तू पुसलं का मी पुसल्यासारखंच होते."

सोमाजीने दिवसभर झोपेच्या वेळी विचार केला आणि संध्याकाळी तोडगा काढला. मनकर्णाने मुन्नाच्या बायकोकडे जावं. बायकांचं बोलणं हे आपलं बोलणं धरत नाहीत, असं त्याचं मत होतं. मनकर्णाला कॉम्प्युटरात रस नव्हता आणि समजावून सांगण्यात तर त्याहून नव्हता. मंगळवारी ती खैरुनच्या दारात उभी राहिली आणि एका दमात निरोप देऊन मोकळी झाली.

"बाई, आमच्या ह्यायची घोडी तुमच्या मुन्नाच्या हातून गेली म्हणते. दीड वर्ष झालं. ते आता परत भेटून राह्यली, पन मुन्नानं एक शबद द्या लागते."

खैरुनच्या कानात पहिली दोनच वाक्यं शिरली. आपल्या नवऱ्याने एका गरीब माणसाची घोडी घालवली आणि दीड वर्ष घरात चकार शब्द काढला नाही. मुन्ना ड्युटीवर होता. खैरुन सरळ मनाची बाई. तो येईपर्यंत वाट पाहणं तिला पाप वाटलं. डोक्यावर ओढणी घेऊन ती थेट इंदुताईंकडे गेली.

इंदुताई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या मुख्याध्यापिका आणि गावच्या तंटामुक्ती समितीच्या अध्यक्ष. त्या साली गावोगावी तंटे मिटवायची चुरस लागली होती. घुग्घुसचे उरलेले तंटे जमिनीचे, त्यातले निम्मे पक्षकार वारलेले आणि उरलेले ऐकून न घेणारे. दोन्ही पक्षकार जिवंत, शुद्धीवर आणि नोकरीला आहेत असा तंटा ताईंना वर्षभरात पहिल्यांदाच मिळत होता. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरी नोटीस पोचली: रविवारी दुपारी तीन वाजता, ग्रामपंचायतीच्या सभागृहात.

मुन्नाने नोटीस वाचली आणि मान खाली घालून तिची घडी खिशात ठेवली. खैरुनला त्यात गुन्ह्याची कबुली दिसली.

रविवारी समिती बसली. सोमाजी धुतलेले कपडे घालून आला होता. मुन्ना भिंतीला टेकून खाली बघत होता. ताईंनी रजिस्टर उघडलं.

"घोडीचा रंग?"

"काळी. कपाळावर पांढरा टिक्का."

"वय?"

"आठ महिने. तवाचं."

"शेवटची दिसली कुठी?"

"किल्ल्याच्या दरवाजापाशी."

"चंद्रपूरच्या?" ताईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कोणता दरवाजा?"

सोमाजी अडखळला. शेवटी जहीरला उठून सगळं सांगावं लागलं. किल्ला कॉम्प्युटरात आहे, घोडीही कॉम्प्युटरातच होती, आणि आज पाच वाजता मुदत संपते. एक सदस्य हसला. ताईंनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो चौथीतल्या मुलासारखा गप्प झाला.

"घोडी खोटी असन," ताई म्हणाल्या. "पन हे दोघं दीड वर्ष एकमेकायशी बोलले नाई, हे खरं आहे का नाई?"

"खरं आहे," खैरुन आणि मनकर्णा एकदमच म्हणाल्या.

"मंग तंटा खरा आहे. चला."

चार वाजता समिती रजिस्टर घेऊन कॅफेत आली. चार खुर्च्या होत्या, बाकीचे उभे राहिले. सोमाजीने गावाचं नाव सांगितलं, जहीरने ते भरलं. मग मुन्ना पुढे आला आणि कोणाकडे न बघता दोन बोटांनी आईचं नाव टाइप केलं. योद्धा उघडला. हरवलेल्या वस्तूंची यादी आली, आणि जहीर इंग्रजी वाचून मराठीत सांगू लागला.

"ढाल. लढाईत तुटली. कुऱ्हाड. नदीत पडली. घोडी..." तो थांबला.

"वाच ना पुढं," सोमाजी म्हणाला.

"घोडी. मालकानं सोतःच सोडून देली. असं जनावर परत भेटत नाई म्हणते."

"तारीख, वेळ?" ताईंनी विचारलं.

"चौदा नोव्हेंबर, दोन हजार सहा. सकाळी दहा चाळीस."

सगळ्यांनी मुन्नाकडे पाहिलं. मनकर्णाने मात्र मनातल्या मनात हिशेब केला. सकाळी दहा चाळीसला पहिल्या पाळीचा माणूस खाणीत असतो, दोनपर्यंत. तिने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं आणि तिच्यामागोमाग सगळ्यांच्या माना वळल्या.

सोमाजीला ती सकाळ आठवली. घोडीपाशी एक इंग्रजी चौकट आली होती आणि त्याने हो दाबलं होतं. दाबल्याबरोबर लाईट गेली. घुग्घुसचा कोळसा जाळून साऱ्या राज्याला वीज मिळते आणि घुग्घुसला लोडशेडिंग मिळतं. त्यामुळे पुढे काय झालं ते त्याने पाहिलंच नव्हतं.

"मले वाटलं, चारा टाकू का म्हणून पुसून राह्यलं," तो हळूच म्हणाला.

"मले मालूम होतं, भाऊ," मुन्ना म्हणाला. दीड वर्षातलं हे त्यांचं पहिलं बोलणं.

"कवापासून?"

"त्याच संध्याकाळपासून. आलो त स्क्रीनवर हेच लिवून होतं. तीन घंटे खेळातल्या जंगलात ढुंढली तिले. नाई भेटली."

"मंग वहीत सर्व ठीक काऊन लिवलं?"

"त काय लिवू? तुमीच सोडली म्हणून लिवू? पोरीवानी वाढवली होती तुमी. म्हटलं, गेटवर भेटन तवा तोंडानं सांगीन."

"सांगाचं होतं मंग."

"तुमी बोलणंच बंद केलं. सांगू कोणाले?"

सोमाजीला लाज वाटली. इतकी, की एवढ्या माणसांत त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही. या पोराने दीड वर्ष रोज सकाळी सहा वाजता आपला अपमान सोसला, तोही आपली चूक झाकून. त्याने मुन्नाचा हात धरला आणि धरूनच ठेवला. ताईंनी 'तंटा मिटला' असं लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. सोमाजीने डाव्या हाताने केली.

"साडेचार झाले," जहीर म्हणाला. "नव्यात जाचं का नाई ते सांगा. घोडी नाई येत, पन किल्ला येते. फक्त आता एका योद्ध्याले एकच मालक राह्यते. कोणाचं नाव टाकू?"

"मुन्नाचं," सोमाजी म्हणाला.

"नाई नाई, भाऊचं टाक," मुन्ना म्हणाला. "मोठे तेच आहे."

"माया हाती देलं त मी किल्ला बी सोडून देईन. मुन्नाचं टाक."

"भाऊ, तुमचं असल्याशिवाय मी खेळत नाई."

"आन् माया नावावर असन त मी हात लावत नाई."

जहीर बोटं कीबोर्डवर धरून एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिला. दोघांचे आवाज चढू लागले. ताईंनी रजिस्टर काखेत मारलं. "हा नवा तंटा पुढच्या महिन्यात घेऊ," असं बजावून त्या समितीसह निघाल्या. दोघं तुझं-माझं करत बाहेर चहाच्या टपरीवर गेले. मागून मनकर्णा आणि खैरुनही गेल्या, कारण ज्यांच्यासाठी घरी लवकर जायचं ते दोघंही टपरीवरच होते. टपरीवर घोडीची गोष्ट निघाली. मुन्नाने तिला जंगलात कुठे कुठे शोधलं ते सांगितलं. सोमाजी प्रत्येक ठिकाणाचं नाव नीट ऐकून घेत होता.

पाच वाजून दोन मिनिटांनी जहीर बाहेर आला.

"भाऊ, टाइम गेला. बंद झालं. किल्ला, योद्धा, सारं गेलं."

सोमाजीने ऐकलं. बशीतला चहा संपवला. मग मुन्नाला म्हणाला, "उद्या तुयी फस्ट पाळीच ना?"

"फस्टच. सहाले."

"तीस वर्षांत मी पाळी बदलून मांगली नाई. उद्या अर्ज टाकतो. तुयी जे पाळी, तेच माई."

"रातची सवय आहे तुमाले. पाचले उठणं जमन का?"

"नाई जमलं त तू येजो उठवाले."

"ह्याले रोज मीच पानी मारून उठवते," खैरुन म्हणाली. "आता दोन गिलास लागन."