कपडे न्यायला कुणीच येत नाही

तीक्ष्ण नजर, तल्लख बुद्धी आणि भव्य कपाळ एकाच देहात नांदताना बघायचं असेल तर माझ्याकडे बघा, असं भाऊजी स्वतःच सांगत. कपाळाबद्दल दुमत नव्हतं. केस दरवर्षी आणखी मागे हटत होते. हुद्द्याने ते सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, म्हणजे सॉफ्टवेअरची रचना ठरवणारे, पण केबिनच्या दारावर पाटी ‘सॉफ्टवेअर गुप्तहेर’ अशी. त्यांचा मदतनीस म्हणजे त्यांचाच मेहुणा. ताईच्या शब्दाखातर त्याने ही नोकरी धरली होती आणि आज ती सुटायची लक्षणं दिसत होती. कंपनीचं उरलंसुरलं एकमेव गिऱ्हाईक, लॉन्ड्रीवाल्या बाई, समोर फणफणत बसल्या होत्या.

"तुम्ही जिने चढून आलात," भाऊजी डोळे बारीक करून म्हणाले.

"लिफ्ट बंद आहे, सगळेच चढून येतायत. माझं ऐका आधी! लोक तुमच्या ॲपवर बुकिंग करतात, ‘नोंद झाली’ असं उत्तर येतं आणि आमच्याकडे नोंदच नसते. लोक गाठोडी घेऊन आपापल्या दारात आमच्या माणसाची वाट बघत ताटकळतात. आज छडा लावा, नाहीतर मी दुसरी कंपनी बघते. तोवर इथून हलणार नाही."

मेहुण्याने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

"समोरच्या लॉन्ड्रीचे हेर," भाऊजी पुटपुटले.

"भाऊजी, ती बंद पडली. तिथे आता चपलांचं दुकान आहे."

"वेषांतर!"

तासाभराने त्यांना दुसरा साक्षात्कार झाला. सगळं सॉफ्टवेअर एकाच घरात कोंबलंय, म्हणून भांडणं होतात. नऊ तुकडे करून नऊ बिऱ्हाडं थाटायची!

"म्हणजे चूक नऊ घरांत शोधायची?" मेहुण्याने विचारलं. तेवढ्यात भाऊजींचा फोन वाजला. त्यांनी घाईत स्पीकर चालू केला. पलीकडून ताई कडाडली.

"अहो, सकाळी दूध आणायला सांगितलं, हो म्हणालात. कुठंय दूध? ऐकायच्या आधीच हो म्हणायचं, मग काम होवो न होवो!"

मेहुणा ताडकन उठला आणि एपीआयचा कोड उघडून बसला. एपीआय म्हणजे ॲपने सर्व्हरला निरोप द्यायची खिडकी. निरोप आला रे आला की सर्व्हर ‘नोंद झाली’ म्हणून मोकळा होत होता आणि नोंद करायला मागाहून बसत होता. गर्दीत ती राहून गेली, तर कुणाला पत्ताही लागू देत नव्हता.

"हे असलं कुणी ठरवलं?" बाईंनी विचारलं.

भाऊजी छताकडे बघू लागले. "उत्तर झटपट हवं, असा एका थोर माणसाचा आग्रह होता."

मेहुण्याने क्रम उलटवला. आधी नोंद, मग उत्तर. नाही जमलं तर सरळ ‘जमलं नाही, पुन्हा करा’. बाईंनी स्वतःच्या फोनवरून बुकिंग केलं. उत्तर जरा उशिरा आलं, पण लॉन्ड्रीत विचारलं तर नोंदही सापडली.

"उशीर चालेल हो, थाप नको," म्हणत बाईंनी पर्स उचलली. "राहते मी तुमच्याकडेच." मेहुण्याला इतका आनंद झाला की तो त्यांना तीन मजले उतरून सोडून आला.

परत येतो तर भाऊजी ‘मी लावलेला छडा’ इमारतीच्या पहारेकऱ्याला रंगवून सांगत होते. त्यांचा फोन पुन्हा वाजला आणि त्यांनी पुन्हा स्पीकरच चालू केला.

"येताना दूध आणाल ना? आणि शिवाय—"

भाऊजींनी ‘हो’साठी तोंड उघडलं, मिटलं आणि पेन शोधलं.

"थांब. आधी लिहून घेतो, मग हो म्हणतो."

पलीकडून ताईचा घाबराघुबरा आवाज आला, "अरे, तू आहेस ना तिथे? ह्यांना बरं वाटतंय ना?"