कुठल्या म्हशीचं?

देवळात उपदेश ऐन रंगात आला असताना तिसऱ्या बाकावरून हात वर झाला, की आमच्या पाळकसाहेबांच्या घशाला कोरड पडायची. हात शमुवेलआण्णांचा असायचा. ते सावकाश उभे राहायचे, चष्मा कपाळावर सारायचे आणि भर उपासनेत विचारायचे, "पाळकसाहेब, कुठल्या म्हशीचं हे?"

हे देऊळ म्हणजे आमचं चर्च. कोल्हापुरातले आम्ही जुने ख्रिस्ती त्याला देऊळच म्हणतो. आणि देवळात म्हैस कशी शिरली, हे समजायचं तर संध्याकाळी आण्णांबरोबर गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर जायला हवं. तिथं गवळी म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसाळलेला पेला हातात देतात. आण्णा मुन्सिपालटीच्या पाणीखात्यातून रिटायर झालेले. जन्मभर गावाला पाणी पाजलं, पण दुधात त्यांना थेंब चालत नसे. रिकामा पेला आधी उपडा करून झटकायचे, मग थेट म्हशीच्या कासेशी वाकून उभे राहायचे. म्हैस बिचारी सोसायची. बाबू गवळी वैतागायचा.

"आण्णा, माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?"

"तू वाईट न्हाईस, बाबू. पर पान्याचा हौद लई जवळ हाय."

हाच कायदा त्यांनी धर्मशिक्षणाला लावला होता. देवाच्या नावानं कुणी काहीही सांगो, ते शास्त्रात कुठं आहे ते आधी दाखवायचं. म्हैस समोर बांधायची. ज्या रविवारी उपदेशातलं प्रत्येक वाक्य शास्त्रातून निघालेलं असे, त्या रविवारी आण्णा दारात पाळकसाहेबांचा हात घट्ट धरून म्हणायचे, "आज बिनपान्याचं दूध मिळालं बघा." असे रविवार वर्षातून फार येत नसत.

एका नाताळात मुलांच्या नाटकात तीन ज्ञानी पुरुष पोत्यांच्या उंटावरून बेथलेहेमात पोचले, तेवढ्यात आण्णा उठले. "तीन कुणी मोजलं? देणग्या तीन हायत. माणसं किती, ते शास्त्र सांगत न्हाय." पुढच्या वर्षी पाळकसाहेबांनी चिडून, मागेल त्या पोराला ज्ञानी केलं. व्यासपीठावर ज्ञान्यांची इतकी गर्दी झाली की गव्हाण कुणाला दिसेना. पण सगळ्यांच्या आया खूश होत्या, आणि आण्णाही.

माझ्या मेहुणीच्या लग्नात कुणी पाहुणा सहज म्हणाला, की लग्नाच्या गाठी स्वर्गातच बांधलेल्या असतात. पंगतीत आण्णांनी वाटी खाली ठेवली. "कुठल्या म्हशीचं हे?" माझे सासरे धावत आले. त्यांना वाटलं, बासुंदीबद्दल तक्रार आहे.

शेवटी पाळकसाहेबांनी मला गळ घातली, "मास्तर, तुम्ही त्यांच्या शेजारी बसा आणि उठायला लागले की सदरा धरा." मी शाळामास्तर, खट्याळ पोरांना धरून बसवायचा मला सराव होता. पण आण्णांचा सदरा धरता धरता मला त्या माणसाचंच कुतूहल वाटायला लागलं. ते भांडखोर नव्हते, विद्वत्तेचा तोराही नव्हता. बायको, राहेल, जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. मग हा नसता उपद्व्याप कशासाठी? एकदा मी विचारलंच.

"मास्तर, दूध वाईट असलं तर त्याच राती पोट दुखतंय. शिकवण वाईट असली तर वर्सानुवर्सं गोड लागती. माणूस अंथरुणाला लागला, की मग बाधती." एवढं बोलून ते बाबूच्या म्हशीला गोचीड झाल्याचं सांगायला लागले.

त्या वर्षी उन्हाळ्यात देवळाच्या पटांगणात मांडव घालून विश्वास जागवणारी संजीवन सभा भरली. बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. आवाज खणखणीत, लाउडस्पीकर त्याहून खणखणीत. पहिल्या रांगेत आमच्याच मंडळीतली सुमन बसली होती. तिचा नवरा वारणानगरला साखर कारखान्यात, आणि मांडीवरच्या लेकीला, आशाला, फेफरं यायचं. रोजच्या गोळ्यांवर पोरगी बरी राहायची.

प्रचारक रंगात आले. "विश्वास पुरा असेल तर औषध कशाला? औषध घरात ठेवलंत, म्हणजे विश्वासाला भोक पडलं!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुमन उठली, पिशवीतून गोळ्यांची बाटली काढली आणि पुढच्या मेजावर अर्पणाच्या थाळीत ठेवून रडत जागेवर आली. टाळ्या वाढल्या.

आण्णा उठले. मी सवयीनं सदरा धरला, तर शिवण उसवेल इतक्या जोरानं त्यांनी हिसडा दिला. मी हात सोडून दिला.

"कुठल्या म्हशीचं हे?"

"बाबा, इथं दुधाचा विषय नाही," प्रचारक म्हणाले, आणि मांडव हसला. आण्णा हसले नाहीत. "प्रेषिताच्या संगं फिरणारा लूक वैद्य हुता. चेल्याच्या, तीमथ्याच्या पोटाला प्रेषितानंच इलाज सांगितला. मग त्यांच्या इश्वासाला भोक हुतं व्हय?"

उत्तराची वाट न बघता ते मेजापाशी गेले आणि थाळीतली बाटली उचलली. अर्पणाला हात लावलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. त्यांनी बाटली सुमनच्या ओटीत ठेवली. "पोरी, प्रार्थना कर आणि गोळीबी दे. दोनी देवाच्याच हातची हायत."

सुमननं वर बघितलं. "मग आण्णा, माझा इश्वास कमी पडला न्हाय न्हवं?"

"न्हाय," आण्णा म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "अजिबात न्हाय."

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर मी प्रचारकांना चार शिव्या हासडल्या. आण्णांनी मला थांबवलं. "त्यो माणूस वाईट न्हाय, मास्तर. पर टाळी लई जवळ असती." बाबू धारेला बसला. आण्णा मात्र त्याच्याकडं पाठ करून रस्त्याकडं बघत उभे राहिले.

"सुमननं इचारलं त्येच आमच्या राहेलनं इचारलंतं," ते म्हणाले. "आमीबी असंच एका सभेत ऐकून औषध बंद केलंतं. शेवटाला मला म्हणाली, अवं, माझाच इश्वास कमी पडला का वो?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हणालो, इश्वास आनखी जरा वाढीव."

आण्णांनी चष्मा कपाळावर सारला.

"तशीच गेली, घाबरून. देव आपल्यावर रागावलाय असं वाटत गेली. त्यानंतर मी शास्त्र धरलं, मास्तर. उत्तर लगीच घावलं. पर आता सांगू कुणाला?"

बाबूनं मागून हाक मारली. आण्णांनी न वळताच हात मागं केला, पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. त्यातलं दूध समोरच्या म्हशीचं होतं की बाबूनं आधीच काढून ठेवलेल्या बादलीतलं, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.