पडायचं कसं, ते मला विचारा

तुमच्यापैकी कुणाला व्यवस्थित पडता येतं का? मला येतं! गेले सहा महिने मी ज्युडोच्या क्लासला जातोय आणि सरांनी आम्हाला आतापर्यंत फक्त पडायला शिकवलंय. "संकटात माणूस ताठ होतो, म्हणून मोडतो," असं ते म्हणतात. "अंग सैल सोडा, जोरात श्वास सोडा, तळहात जमिनीवर आपटा आणि डोकं थंड ठेवा!"

मी कारखान्याच्या कामगारांची बस चालवतो. वर्षातून एकदा डॉक्टरांनी 'फिट' लिहिलं, तरच बस हातात राहते. मालकाचा मेहुणा माझ्या बसवर कधीचा डोळा ठेवून आहे. पण मला कसली काळजी? सोमवारी ऐटीत तपासणीला गेलो. परत येताना खरेदी करायची म्हणून बायको सोबत होती. डोळे झाले, कान झाले आणि वजनकाट्यावरून उतरलो तो थेट नुकत्याच पुसलेल्या फरशीवर!

पाय वर गेले, पण गडी घाबरला नाही. "हाऽश्!" करून श्वास सोडला, फाडकन हात आपटला आणि झोकात पडलो. साधं खरचटलंही नाही. डॉक्टरीणबाई मात्र खुर्चीतून उडाल्या.

"हलू नका! चक्कर आली?"

"छे हो! मला पडता येतं. थांबा, दाखवतो." हाऽश्! फाड!

"अहो, धरा त्यांना कुणीतरी!"

"तुम्ही नीट बघितलं नाहीत. आता डाव्या अंगावर..." फाड!

मला कॉटवर आडवं करून बाई बायकोकडे वळल्या. "घरीही पडतात?"

"रोज," बायको म्हणाली. ती कधी खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत आहे. "सकाळी उठले की वीसेक वेळा."

"पडताना आवाज करतात?"

"करतात. हातही आपटतात."

"आणि नंतर?"

"काही झालंच नाही असे उठतात आणि चहा मागतात."

"कधीपासून?"

"सहा महिने झाले. आधी बरे होते हो!"

बाईंनी माझी नाडी धरली. "बहात्तर? तीनदा आपटून बहात्तर?"

"मग! संकटात डोकं थंड ठेवायचं!" मी अभिमानाने म्हणालो.

"आपण पडलोय, हे यांच्या मेंदूपर्यंत पोचतच नाहीये," बाई पुटपुटल्या आणि त्यांनी पेन उचललं. "सध्या अनफिट. तीन महिने बस चालवायची नाही."

तीन महिने! डोळ्यांपुढे मेहुणा माझ्या सीटवर बसलेला दिसला. अंग सैल सोडणं वगैरे सगळं विसरलो. "बाई, असं करू नका हो! अहो, तो ज्युडोचा क्लास आहे! सर शिकवतात!" असं ओरडत कॉटवरून उडी मारली, पाय पडद्यात अडकला आणि लाकडाच्या ओंडक्यासारखा ताठच्या ताठ कोपरावर आदळलो.

"आई गं! मेलो!"

बाईंनी धावत येऊन मनगट धरलं. "एकशे तीस! लागलं?"

"लागलं!"

"फार दुखतंय?"

"भयंकर!"

"आत्ता कसं माणसासारखं बोललात! ज्युडो होय? मग आधी सांगायचं ना!" त्यांनी हसत 'फिट' लिहिलं आणि कोपराला पट्टी बांधली.

बस वाचली. फक्त क्लासमध्ये सगळे कोपराचं विचारतात. मी सांगतो, बसच्या दारात सापडलं. सहा महिने पडायला शिकलेल्या माणसाला पडून लागलं, हे कुठल्या तोंडाने सांगायचं!